चौदा मेल, एक मुलाखत

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मैत्रिणीचा फोन आला. "अगं, रेवाला तुझ्याशी बोलायचंय. कोर्टाचं काहीतरी आहे, मला काही कळत नाही."

मी न्यू जर्सीतल्या कोर्टांमध्ये हिंदी आणि मराठीची दुभाषी म्हणून काम करते. त्यामुळे आमच्या मंडळात कुणाला स्पीडिंगचं तिकीट मिळालं, कुणाला ज्यूरीचं बोलावणं आलं, की फोन मलाच. मी वकील नाही, इकडचं बोलणं तिकडे करते एवढंच, असं मी दर वेळी सांगते. त्याचा काहीही उपयोग होत नाही.

रेवा अकरावीत. शाळेच्या संशोधन प्रकल्पासाठी तिने विषय घेतला होता: एकाच गुन्ह्याला अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळी शिक्षा का? शिक्षकांची अट होती की वाचन कितीही करा, पण या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्या निदान एका माणसाची मुलाखत हवीच. मुदत मार्चचा पहिला आठवडा.

"मावशी, तू एखाद्या जजना विचारशील का?"

नाही, म्हटलं. एक तर खुर्चीवर बसलेले न्यायाधीश अशा विषयावर शाळकरी मुलीशी काय, पत्रकाराशीही सहसा बोलत नाहीत. दुसरं माझं. दुभाष्याने कुणाच्या बाजूचं असायचं नसतं आणि तसं दिसायचंही नसतं. उद्या ज्या वकिलाच्या अशिलाशेजारी मला उभं राहायचंय, त्याला आज कॉरिडॉरमध्ये गाठून ‘आमच्या रेवासाठी जरा अर्धा तास’ म्हणणं बसत नाही. तेव्हा ठरलं असं की माझ्या कामातलं एकही नाव मी देणार नाही. माणूस कसा शोधायचा आणि कसा विचारायचा, तेवढं बघेन. रेवाला हे पटलं. तिच्या आईला थोडं लागलं. दोन दिवस तिचा गुड मॉर्निंगचा मेसेज आला नाही.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेले. रेवाने लॅपटॉप समोर ठेवला. पन्नास ओळी आणि अकरा रकान्यांचा एक्सेलचा तक्ता, रंगीत. कॅलिफोर्नियाच्या ओळीत १९९४ चा ‘तीन गुन्हे’ कायदा (तिसऱ्या गुन्ह्याला थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा), त्यापुढे गोल्फच्या तीन काठ्या चोरल्याबद्दल २५ वर्षं ते जन्मठेप झालेल्या माणसाचं प्रकरण. काठी प्रत्येकी ३९९ डॉलरची, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा २००३ मध्ये कायम केली. मिशिगनच्या ओळीत ६५० ग्रॅमच्या वर कोकेन सापडलं तर पॅरोलशिवाय, म्हणजे मुदतीआधी अटींवर सुटण्याची सोय नसलेली, जन्मठेप, हा कायदा, जो १९९८ मध्ये सैल झाला. न्यूयॉर्कचे १९७३ चे रॉकफेलर कायदे, अंमली पदार्थांविरुद्धचे, कडक. व्हर्जिनियाने १९९५ पासून पॅरोलच काढून टाकला, ते. पोरीने मेहनत भरपूर केली होती. फक्त त्या तक्त्यातून माणसाला विचारावा असा एकही प्रश्न निघत नव्हता.

तिचे आजोबा, म्हणजे आबा, शेजारच्या खुर्चीत शाल पांघरून बसले होते. सहा महिन्यांसाठी आलेले. सातारच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत. तक्त्याकडे बघून म्हणाले, "हे कसलं पन्नास प्रकारचं? तीनशे दोन म्हणजे तीनशे दोन. साताऱ्यात खून केला काय नि पाटण्यात केला काय."

मी त्यांना सांगितलं की इथे तसं नाही. इथे प्रत्येक राज्याची दंडसंहिता वेगळी, आणि वर केंद्राची आणखी एक. आबांनी "हं" केलं. पण त्याच महिन्यात, ८ जानेवारी २०२४ ला, बिल्किस बानो प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. गुजरात सरकारने अकरा जणांची उरलेली शिक्षा माफ केली होती. न्यायालय म्हणालं, खटला मुंबईत चालला, तेव्हा माफीचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्राचा, गुजरातचा नव्हे. आबांनी तो निकाल टीव्हीवर दिवसभर ऐकला होता. थोड्या वेळाने त्यांचे तेच म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे कलम एक, पण दार उघडणारे वेगळे." रेवाने ते वहीत लिहून घेतलं. त्या घरात प्रकल्प खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला, असं मला वाटतं.

पन्नास राज्यं सोड, दोन घे, मी म्हटलं. कुठली दोन, हा प्रश्नच नव्हता. त्यांचं घर हॅमिल्टनला, ट्रेंटनच्या शेजारी. दहा-पंधरा मिनिटांवर डेलावेअर नदी, आणि पलीकडच्या काठावर पेनसिल्व्हेनियातलं मॉरिसव्हिल. पुलावर ‘ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स’ अशी मोठाली अक्षरं. रेवाचे बाबा रोज तो काठ ओलांडून कामाला जातात. नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीत, पेट्रोल भरायला माणूस येतो, स्वतः भरायला कायद्याने बंदी. पलीकडे उतरून आपलं आपण भरायचं. एवढा फरक रेवाला लहानपणापासून माहीत होता. बाकीचे आम्ही दोन आठवड्यांत शोधले.

गांजा. नदीच्या अलीकडे २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला सहा औंसांपर्यंत जवळ ठेवायला २०२१ पासून परवानगी. पलीकडे, वैद्यकीय कार्ड नसेल तर, तीस ग्रॅमच्या आतली पुडीसुद्धा गुन्हा. तीस दिवसांपर्यंत कैद, पाचशे डॉलरपर्यंत दंड. त्यातही फिलाडेल्फिया शहराने २०१४ मध्ये आपल्यापुरता २५ डॉलरचा दंड करून टाकलेला. फाशी. न्यू जर्सीने डिसेंबर २००७ मध्ये रद्द केली. पेनसिल्व्हेनियात ती पुस्तकात आहे, प्रत्यक्षात १९९९ नंतर दिलेली नाही. आणि तिसरा फरक, ज्याच्यावर रेवा अडकून बसली, तो ‘फेलनी मर्डर’चा. दरोड्यासारखा गंभीर गुन्हा करताना कुणी मेलं, तर त्या गुन्ह्यात सामील असलेला प्रत्येक जण खुनी. गोळी कुणी झाडली ते गौण.

आता माणूस शोधायचा. रेवाने पहिला मेल लिहून मला पाठवला. साडेसहाशे शब्द. सुरुवात ‘लहानपणापासून मला न्यायाबद्दल विलक्षण ओढ आहे’ अशा अर्थाची. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात मुलाखत मागितली होती. मी विचारलं, "हा मेल तुझ्या बाबांना ऑफिसात आला तर ते कुठपर्यंत वाचतील?" ती म्हणाली, "पहिल्या ओळीपर्यंत." मग काटछाट. मी एकही वाक्य सुचवलं नाही, फक्त ‘हे कशाला?’ विचारत राहिले. शेवटी पाच वाक्यं उरली. मी कोण, कुठल्या शाळेत. विषय काय, एका ओळीत. तुम्हालाच का विचारतेय. किती मिनिटं हवीत, कधीपर्यंत. आणि तुम्हाला जमणार नसेल तर कुणाला विचारू? हे पाचवं वाक्य तिने स्वतःहून घातलं. पुढे काम झालं ते त्याच वाक्यामुळे.

दोन हप्त्यांत मिळून चौदा मेल गेले. कायद्याचे प्राध्यापक, सरकारी बचाव वकिलांची कार्यालयं, लॉ स्कूलची मदत केंद्रं, आणि माझ्या आग्रहाने सरकारी पक्षाची दोन कार्यालयंसुद्धा. फक्त बचाव पक्षाचं ऐकून लिहायचं असेल तर मुलाखत कशाला, असं माझं मत. त्या दोघांकडून पोचही आली नाही. एका प्राध्यापकांचं आपोआप उत्तर आलं: ऑगस्टपर्यंत रजेवर. एका वकिलांच्या ऑफिसने सल्ल्याचे ताशी दर कळवले. ते वाचून रेवाचे बाबा तीनदा हसले. दहा दिवसांनी स्मरणाचा मेल पाठवायचा, दोन ओळींचा, कुरकूर न करता, असं मी सांगितलं होतं. रेवाला ते भीक मागितल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, माझी निम्मी बिलं दुसऱ्या मेलनंतरच वटतात.

मध्येच एक अनपेक्षित उत्तर आलं. एका संस्थेत काम करणारे गृहस्थ. स्वतः कित्येक वर्षं आत काढून बाहेर आलेले, बोलायला आनंदाने तयार. रेवा नाचायचीच बाकी होती. पण शाळेच्या परवानगीच्या अर्जावर स्पष्ट लिहिलेलं होतं: शिक्षा भोगलेल्या व्यक्तींची मुलाखत विद्यार्थ्यांनी घ्यायची नाही. शिक्षकांना विचारून पाहिलं, त्यांचा नाइलाज होता. त्या गृहस्थांना नकार कसा कळवायचा, यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. ‘शाळेचा नियम’ एवढंच लिहिलं तर ते खरं, पण अपुरं. रेवाने शेवटी लिहिलं की माझी शाळा मला परवानगी देत नाही, मला याचं वाईट वाटतं, आणि तुम्ही वेळ द्यायला तयार झालात हे मी विसरणार नाही. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. त्या दिवशी मला तो आवडला नाही, एवढं खरं.

पाचव्या वाक्याने काम केलं ते असं: एका मदत केंद्रातल्या सेक्रेटरीबाईंनी मेल परस्पर पुढे ढकलला, एका निवृत्त वकीलबाईंकडे. फिलाडेल्फियाच्या. नदीच्या या भागात पुष्कळ वकिलांकडे दोन्ही राज्यांची सनद असते, तशी यांच्याकडेही होती; दोन्ही काठांवरच्या कोर्टांत फौजदारी बचावाची कामं केलेली. उत्तर तीन ओळींचं. शनिवारी सकाळी दहा वाजता फोन कर. चाळीस मिनिटं. प्रश्न आधी पाठव.

रेवाने बावीस प्रश्न पाठवले. त्यावर उलट टपाली: ‘पहिल्या अकरा प्रश्नांची उत्तरं वेबसाइटवर आहेत. आपण बाराव्यापासून सुरू करू.’ रेवाचा चेहरा पडला. मला मात्र बाई तिथेच आवडल्या.

शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेवा बसली. समोर स्पीकरवर ठेवलेला फोन, शेजारी रेकॉर्डिंगला लावलेला आईचा फोन, त्याच्यावर लाल ठिपका लुकलुकतोय. मी पलीकडे चहाचा कप घेऊन. आबा दारात, ‘मी ऐकत नाहीये’ असा चेहरा करून.

नमस्कार-चमत्कार झाले. मग बाईंनी विचारलं, "तू आत्ता कुठे आहेस?"

"हॅमिल्टन. न्यू जर्सी."

"आणि हे रेकॉर्ड करतेयस?"

"हो."

"मी कुठे आहे?"

रेवा गप्प. मग हळूच, "फिलाडेल्फिया."

"न्यू जर्सीत फोनवरच्या दोघांपैकी एकाची संमती पुरते. तुझी आहे, तेव्हा तुझ्या राज्यापुरतं ठीक. माझ्या राज्यात सगळ्यांची लागते. तू मला विचारलंस?"

रेवाचा हात इतक्या घाईने त्या फोनकडे गेला की माझा चहा टेबलावर. तिने रेकॉर्डिंग थांबवलं, पुसून टाकलं, आणि रडवेल्या आवाजात तसं सांगितलंही. पलीकडून हसण्याचा आवाज. बाई म्हणाल्या, "तुला पकडायला कुणी येणार नाही. पण पेनसिल्व्हेनियात हा तिसऱ्या दर्जाचा फेलनी गुन्हा आहे, वरची मर्यादा सात वर्षं. तुझ्या प्रकल्पाचं पहिलं पान मी तुला देऊन टाकलं. आता विचार."

रेवाने विचारलं. बाई "हो, माझी संमती आहे" म्हणाल्या, आणि लाल ठिपका पुन्हा लागला. ओशाळायची वेळ खरं तर माझी होती. इतकी वर्षं कोर्टात टॅप केलेल्या संभाषणांचे उतारे मी ढिगांनी भाषांतरित केलेत. आईचा फोन रेकॉर्डिंगला लाव, हे मीच सुचवलं होतं.

बारावा प्रश्न असा होता: दोन मुलं दुकान लुटायला जातात. एक आत जातो, दुसरा गाडी चालू ठेवून बाहेर बसतो. आतल्याच्या हातून दुकानदार मरतो. बाहेरच्याला काय?

बाईंनी आधी न्यू जर्सीचं सांगितलं. कमीत कमी तीस वर्षं, त्यातला एक दिवसही पॅरोल नाही, वर जन्मठेपेपर्यंत काहीही. पण तिथल्या कायद्यात एक झरोका आहे: माझ्याकडे हत्यार नव्हतं, त्याच्याकडे आहे असं वाटायला कारण नव्हतं, कुणाचा जीव जाईल असं काही करायचा त्याचा बेत आहे असं वाटायलाही कारण नव्हतं, मारण्यात माझा हात नव्हता, हे सगळं उभं करता आलं तर बचाव होऊ शकतो. पेनसिल्व्हेनियात तोच मुलगा दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा दोषी, आणि शिक्षा एकच, जन्मठेप. न्यायाधीशांना कमी-जास्त करायला जागाच नाही, आणि तिथे जन्मठेपेला पॅरोल नसतो. बाहेर यायची वाट म्हणजे दयेचा अर्ज. पाच जणांचं मंडळ, पाचही जण हो म्हणाले तर कागद गव्हर्नरपर्यंत जातो. १९९७ पर्यंत बहुमत पुरत असे.

रेवाने विचारलं, "पण का? नदी एवढीशी आहे."

हा प्रश्न यादीत नव्हता. बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या तक्त्यात न्यायाधीश कसे नेमतात याचा रकाना आहे?" नव्हता. न्यू जर्सीत वरच्या कोर्टाचे न्यायाधीश गव्हर्नर नेमतो, सिनेट मंजुरी देते. काउंटीचे सरकारी वकीलही नेमलेलेच. पेनसिल्व्हेनियात दोघेही निवडणुकीत मतं मागून येतात. त्यांचं म्हणणं, हे एकच कारण आहे असं लिहू नकोस, पण हे न बघता कायद्याची कलमं शेजारी शेजारी मांडलीस तर तुला काही दिसणार नाही. कुठल्या साली कुठला गुन्हा गाजला, त्या वर्षी कुणाची निवडणूक होती, तेही बघ.

मग त्या मुलांवर आल्या. अठराच्या आत गुन्हा केलेल्यांवर. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशांना सक्तीने पॅरोलशिवाय जन्मठेप देणं घटनाबाह्य ठरवलं, २०१६ मध्ये तो निकाल मागे जाऊन सगळ्यांना लागू केला. पेनसिल्व्हेनियात असे पाचशेच्या आसपास कैदी निघाले, त्यातले तीनशेच्या आसपास एकट्या फिलाडेल्फियाचे. प्रत्येकाला पुन्हा कोर्टात उभं करून शिक्षा नव्याने ठरवायची. बाई निवृत्त होण्याआधी तेच करत होत्या. अशा कैद्यांपैकी एक, जोसेफ लिगन, पंधराव्या वर्षी, १९५३ मध्ये, आत गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आले. अडुसष्ट वर्षं. मधल्या काळात त्यांना पॅरोलवर सुटता येत होतं, त्यांनी नाही म्हटलं. जन्मभर देखरेखीखाली राहणं त्यांना मान्य नव्हतं. अलीकडच्या काठावर २०२२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की अशा मुलांना वीस वर्षांनी शिक्षेचा फेरविचार मागता येईल.

चाळीस मिनिटांची बावन्न झाली. रेवाने आभार मानले, रेकॉर्डिंग बंद करते असं सांगून बंद केलं. आणि मग नेहमीचंच. बाई म्हणाल्या, न्यू जर्सीच्या अशिलाची फाइल असली की मी कव्हरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने पॅरोलची पहिली तारीख लिहून ठेवायचे. २०३१, २०४४, काहीही असो. पेनसिल्व्हेनियाच्या जन्मठेपेच्या फायलींवर तो कोपरा रिकामा. दोन्ही गठ्ठे एकाच कपाटात असायचे.

रेकॉर्डिंग बंद. रेवा माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. फोन ठेवल्यावर तिने ते आठवेल तसं वहीत लिहिलं, आणि त्याच दुपारी मेल पाठवला: हे तुम्ही रेकॉर्डिंग थांबल्यावर बोललात, मी असं लिहून घेतलंय, वापरू का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘वापर. कोपरा डावा होता.’

उतरवून काढायला तिला चार संध्याकाळी लागल्या. मी तिथे मदत केली नाही, पण आबांसाठी मराठीत सारांश करताना तिने विचारलं, "लाइफ विदाउट पॅरोलला कोर्टात तू काय म्हणतेस?" माझी ही जुनी पंचाईत आहे. ‘जन्मठेप’ म्हटलं की समोरचा आपला माणूस किंचित सैलावतो. त्याच्या डोक्यात चौदा वर्षं असतात. मी ‘पॅरोलशिवाय जन्मठेप’ म्हणते, तर पॅरोल म्हणजे चुलतीच्या मयताला मिळते ती आठ दिवसांची सुट्टी, असंही कुणाला वाटतं. आणि दुभाष्याने समजावून सांगायचं नसतं. बोललं तेवढंच इकडून तिकडे.

आबा मध्येच म्हणाले, "चौदा वर्षं हे लोकांचं. सर्वोच्च न्यायालयाने एकसष्ट सालीच सांगितलंय, गोपाळ गोडसेच्या अर्जावर. जन्मठेप म्हणजे जन्मभर. चौदा नंतर आलं, ते माफीचा विचार कधी करायचा त्याच्यासाठी."

"मग काय लिहू, आबा?"

त्यांनी वही ओढून घेतली. रेवाने ‘जन्मठेप (पॅरोल नाही)’ लिहिलं होतं, त्यातला कंस खोडला. पुढे वळणदार, एका मापाच्या अक्षरात लिहिलं: ‘मरेपर्यंत’. मग चष्मा काढून म्हणाले, "निकालपत्रात असंच येतं आता. तो खालचा हिशेब पण दाखव, रेमिशन, म्हणजे शिक्षेतली सूट, कुठे धरलीय?" रेवाने सांगितलं की इथे तसं रेमिशन धरलेलंच नाही, आबा, लिगनची ती अडुसष्ट अडुसष्टच आहेत. आबांनी तरीही बोटांवर एकदा मोजून बघितलं.